गिऱ्हाइकांचे गट कसे पाडायचे: बडोद्यातल्या फराळाच्या दुकानापुरतं

दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी या पट्ट्यात खाण्यापिण्याचं दुकान चालवणाऱ्या मराठी माणसाला विचारा, तुमची गिऱ्हाइकं कोण? उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं: थोडी आपली, थोडी गुजराती. उत्तर खोटं नाही, पण त्यावरून उद्या सकाळी काय करायचं ते कळत नाही. चिवडा किती करायचा, सूट कोणाला द्यायची, आगाऊ रक्कम कोणाकडून घ्यायची, दिवाळीआधी कोणाला कधी निरोप पाठवायचा, हे सगळं गिऱ्हाईक घरी कोणती भाषा बोलतं यावर क्वचितच ठरतं. ते माल कशासाठी नेतंय, किती दिवसांनी परत येतंय आणि त्याच्या बिलातून आपल्या हाती काय उरतंय, यावर ठरतं.

बाजाराचे गट पाडण्याचा विचार वेंडेल स्मिथ या अमेरिकन अभ्यासकाने १९५६ साली एका लेखात मांडला. तेव्हापासून वय, उत्पन्न, राहणीमान असे कितीतरी निकष निघाले. मोठ्या कंपन्यांना ते परवडतात. छोट्या दुकानासाठी माझ्या मते एकच कसोटी पुरते. ज्या गटासाठी तुम्ही भाव, पाकीट, वेळ, निरोप किंवा उधारी यांपैकी किमान एक गोष्ट वेगळी करणार आहात, तोच गट. काहीच वेगळं करणार नसाल तर त्या गटाला नाव देण्यात वेळ घालवू नका.

पुढचं सगळं कोरड्या फराळाच्या दुकानाला धरून लिहिलं आहे: चकली, चिवडा, शंकरपाळी, लाडू, सणासुदीला अनारसे आणि पुरणपोळी. कपड्यांच्या किंवा भांड्यांच्या दुकानालाही रीत हीच लागू पडते, फक्त दिवसांचे आकडे बदलतात.

बिलावर एक अक्षर

सुरुवात संगणकापासून करू नका, बिलबुकापासून करा. प्रत्येक बिलाच्या कोपऱ्यात गल्ल्यावरच्या माणसाने एक अक्षर लिहायचं. घरी खायला नेलं तर ‘घ’, सणाच्या ताटासाठी किंवा नैवेद्यासाठी ‘स’, कोणाला भेट द्यायला ‘भ’, प्रवासाला किंवा परदेशी पाठवायला ‘प’, ऑफिस-कारखान्यासाठी ‘क’, आणि पुढे विकायला नेणाऱ्या टपरीवाल्या-दुकानदारासाठी ‘द’. सहाच अक्षरं. याहून जास्त केली तर संध्याकाळच्या गर्दीत कोणी लिहीत नाही आणि महिन्याच्या शेवटी अर्धी बिलं कोरी सापडतात.

अक्षर कळणार कसं? बहुतेक वेळा माल बांधताना आपोआप कळतं. “पाव किलोची चार वेगळी पाकिटं करा” म्हटलं की भेट. “घट्ट बांधा, गाडीत न्यायचंय” म्हटलं की प्रवास. कळलं नाही तर सरळ विचारा, “घरी खायला की कोणाला द्यायला? तसं बांधून देतो.” बांधणीसाठी विचारलेल्या प्रश्नाला माणसं मोकळेपणी उत्तर देतात, कारण त्यात त्यांचाच फायदा असतो. “सर्व्हे करतोय” असं म्हटलंत तर उत्तर मिळत नाही, किंवा तुम्हाला बरं वाटेल असं मिळतं.

अक्षरांसाठी दोन वेगवेगळे महिने निवडा: एक साधा आणि एक सणाचा. नुसत्या अश्विन-कार्तिकातल्या बिलांवरून गट पाडले तर सगळं शहर भेटी देणारं वाटतं. नुसत्या मे महिन्यातल्या बिलांवरून पाडले तर सणाचं गिऱ्हाईक कुठे दिसतच नाही.

दुसरी नोंद मोबाइल नंबरची. यूपीआयच्या यादीत पैसे देणाऱ्याचं नाव आणि रक्कम दिसते, पण माल कशासाठी नेला ते दिसत नाही. शिवाय एकाच घरातून कधी बाबा पैसे देतात, कधी सून, कधी कॉलेजात जाणारा मुलगा. तुमच्या यादीत ती तीन गिऱ्हाइकं होतात, तिघंही ‘कधीतरी येणारी’. खरं तर ते एकच घर असतं आणि कदाचित तुमचं सगळ्यात चांगलं घर. म्हणून मोजायचं ते घर, माणूस नव्हे. आडनाव आणि सोसायटी किंवा पोळ (जुन्या शहरातली गल्ली) एवढ्यावरून घराला एक क्रमांक द्या, आणि घरातले सगळे नंबर त्या क्रमांकाखाली नोंदवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळलं की पुढचे सगळे आकडे चुकतात.

किती दिवसांनी

वर्षभराची बिलं एक्सेलमध्ये किंवा गूगल शीटमध्ये घाला. एका ओळीत एक बिल: घर क्रमांक, तारीख, रक्कम, अक्षर. त्यावर पिव्होट टेबल (ओळींची मोजणी-बेरीज आपोआप करून देणारा तक्ता) लावली की प्रत्येक घरासाठी तीन गोष्टी निघतात: शेवटची खरेदी कधी, वर्षात किती वेळा, एकूण किती रुपयांची. ही पद्धत अमेरिकेतल्या टपालाने माल विकणाऱ्या कंपन्यांनी रूढ केली. प्रत्येक कॅटलॉगला छपाई आणि टपाल असा खर्च यायचा, म्हणून कोणाला पाठवायचा नाही हे ठरवणं त्यांना भाग होतं.

इंटरनेटवर ही रीत शिकवताना तिन्ही गोष्टींना १ ते ५ गुण द्यायला सांगतात. ५ गुणिले ५ गुणिले ५ म्हणजे १२५ खण. तुमच्याकडे ४०० घरांची नोंद असेल तर एका खणात सरासरी तीन घरं येतात. तीन घरांसाठी वेगळा बेत कोणी आखत नाही. छोट्या दुकानाने ‘नियमित’, ‘ढिला पडलेला’ आणि ‘गेलेला’ एवढेच तीन भाग करावेत, आणि तेसुद्धा फक्त ‘घ’ अक्षराच्या घरांचे.

ढिला पडला हे ठरवायला कॅलेंडरचा महिना धरू नका, त्या घराची स्वतःची चाल धरा. समजा एका घराच्या खरेद्यांमधलं अंतर १४, १८, २१, १९ आणि ६० दिवस आहे. सरासरी येते २६.४ दिवस, कारण एकदा ते सगळे दोन महिने बाहेरगावी होते. आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घ्या: १९. हीच त्या घराची खरी चाल. तिच्या दुप्पट, म्हणजे ३८ दिवस झाले आणि घर आलं नाही, तर काहीतरी बदललं आहे. चौपट दिवस झाले तर ते घर दुसरीकडे जायला लागलं असं समजायला हरकत नाही. सगळ्यांना सरसकट ‘९० दिवस’ लावले की दर पंधरवड्याला येणारं घर हातातून गेल्याचं तुम्हाला अडीच महिने उशिरा कळतं.

यात सगळ्यात जास्त होणारी चूक सणाच्या गिऱ्हाइकाबद्दलची आहे. दरवर्षी दिवाळीत चार किलो फराळ नेणारं घर ऑगस्टमध्ये या तक्त्यात ‘गेलेलं’ दिसतं. दुकानदार घाबरून त्याला वीस टक्के सुटीचा निरोप पाठवतो. ते घर कुठेही गेलेलं नसतं, ते आपल्या वेळेवर येणारच असतं. आता मात्र त्याला सूट मागायची सवय लागते. म्हणून ‘स’ अक्षराची घरं या हिशेबातून आधीच बाजूला काढायची आणि त्यांना एकच प्रश्न लावायचा: गेल्या वर्षी याच सणाला आले होते, यंदा आले का?

काही गिऱ्हाईक तर वर्षाच्या हिशेबातही सापडत नाही. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण देणारी घरं साधारण तीन वर्षांनी एकदा येतात. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. ज्या दुकानाने २०२३ ची ऑर्डरवही जपून ठेवली त्याच्याकडे २०२६ साठी तयार यादी असते. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, मग ते सुकवून-कुटून गूळ किंवा साखर घालून पीठ मुरायला ठेवायचं. एकूण दहा-बारा दिवस जातात. गिऱ्हाईक दारात आल्यावर सुरुवात करून हा माल होत नाही. ज्यांना आगाऊ विचारावंच लागतं असा गट तो हा.

किती उरतं

विक्रीच्या आकड्यावरून गटाचं महत्त्व ठरवलं तर ऑफिसं आणि कारखाने नेहमी वर येतात. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतून २०० डब्यांची ऑर्डर आली की दुकानात उत्साह असतोच. एक हिशेब मांडून पाहू. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे घालून बघा.

३५० रुपयांचा एक डबा, २०० डबे, म्हणजे ७०,००० रुपये. खरेदी विभागाने १२ टक्के कमी करून घेतले: ६१,६०० राहिले. कच्चा माल डब्यामागे १५० प्रमाणे ३०,०००. छापील खोका आणि त्यावरचं कंपनीचं नाव ४५ प्रमाणे ९,०००. आठवडाभराची जादा माणसं ६,०००. टेम्पो २,०००. खर्च झाला ४७,०००, हाती राहिले १४,६००. पैसे साठ दिवसांनी आले आणि तुम्ही खर्चाचे ४७,००० महिना दीड टक्का व्याजाने उचलले असतील तर आणखी १,४१० गेले. उरले १३,१९०.

तेच ७०,००० रुपये गल्ल्यावर ‘घ’ बिलांतून आले तर? कच्चा माल ४५ टक्के धरला तर ३१,५००, पाकिटं ३ टक्के म्हणजे २,१००. उरतात ३६,४००, आणि रोख. भाडं आणि नेहमीचा पगार दोन्हीकडे सारखाच चालू असतो, म्हणून तो दोन्हीत धरलेला नाही.

याचा अर्थ कारखान्याची ऑर्डर घेऊ नये असा नाही. आठवड्यात ७०,००० ची घरगुती विक्री अशी मागून मिळत नाही. अर्थ एवढाच की या गटाचे नियम वेगळे हवेत. निम्मी रक्कम आगाऊ. किमान ५० डबे. खोक्यावरचा मजकूर त्यांनी लेखी कळवायचा, कारण नाव चुकीचं छापलं गेलं तर ९,००० चे खोके रद्दी होतात. ऑर्डरची शेवटची तारीख धनत्रयोदशीच्या वीस दिवस आधी, त्यानंतर आलेल्या ऑर्डरला सूट नाही. आणि उद्यम नोंदणी करून ठेवा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, आणि करार नसेल तर १५ दिवसांत. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की हिशेब खात्याशी बोलताना आवाज चढवावा लागत नाही.

‘द’ गटाचंही तसंच. टपरीवाला रोज पाच किलो नेतो म्हणून तो लाडका असतो, पण तो घाऊक भावाने नेतो आणि उधारीवर. त्याच्यासाठी एकच नियम पाळा: मागचं बिल चुकतं झाल्याशिवाय पुढचा माल नाही. आणि त्याला तुमच्या दुकानाच्या नावाचं पाव किलोचं पाकीट देऊ नका. वेगळं पाकीट, वेगळं वजन ठेवा. नाहीतर तुमचं घरगुती गिऱ्हाईक तोच माल कोपऱ्यावर दहा रुपयांनी स्वस्त पाहतं आणि तुम्हालाच भाव विचारायला येतं.

भाषा कुठे लागते

आता सुरुवातीच्या वाटणीकडे येतो, कारण ती पूर्ण टाकून देण्यासारखी नाही. बडोद्यात भाषा तीन ठिकाणी कामाची ठरते: सणाची तारीख, चव आणि निरोपाची लिपी.

तारखांच्या बाबतीत एक मोठी सोय आहे. गुजराती आणि मराठी पंचांगात महिना अमावास्येला संपतो, त्यामुळे श्रावण दोन्ही घरांत एकाच दिवशी सुरू होतो. इंदूर-ग्वाल्हेरच्या दुकानदाराला ही सोय नाही, तिथल्या हिंदीभाषक शेजाऱ्यांचा श्रावण पंधरा दिवस आधी लागतो. पण महिना एक असला तरी मागणीचे दिवस वेगळे आहेत. श्रावण वद्य षष्ठीला गुजराती घरांत रांधण छठ असते. त्या दिवशी रांधून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी, शीतळा सातमला, चूल न पेटवता थंड खायचं. त्याच्या आधीचे दोन-तीन दिवस कोरड्या, टिकाऊ फराळाला उठाव असतो. उपासाच्या मालावर लक्ष असलेल्या मराठी दुकानात हे दिवस सहज निसटतात. अष्टमीच्या दिवशी मात्र दोन्ही घरांना उपासाचंच लागतं. भाद्रपदात गौरींच्या फराळाची मागणी मराठी घरांतून येते, आणि ती दिवाळीच्या मागणीची छोटी प्रत असते: तेच पदार्थ, पण पावपाव किलो.

१४ जानेवारीला तर एकाच दिवशी दोन टोपल्या लागतात. मराठी घराला हलवा, तिळगूळ आणि हळदीकुंकवाच्या वाणासाठी एकसारखी वीस-पंचवीस छोटी पाकिटं हवी असतात, आणि ती रथसप्तमीपर्यंत लागत राहतात. गुजराती घराला उत्तरायणाला गच्चीवर खायला चिक्की आणि शेंगदाण्याचे पदार्थ किलोच्या हिशेबाने लागतात, आणि ते १५ तारखेच्या वासी उत्तरायणाला संपतात. १६ तारखेला उरलेली चिक्की मग पावसाळी हवेची वाट न बघताही महिनाभरात चिकट व्हायला लागते, तेव्हा तिचा माल मोजूनच भरा. हळदीकुंकवाच्या पाकिटांना मात्र रथसप्तमीपर्यंतचा अवधी असतो.

चवीत पुरणपोळीचं उदाहरण पुरेसं आहे. मराठी घरात पुरण हरभऱ्याच्या डाळीचं, गुजराती घरातली वेडमी तुरीच्या डाळीची. होळीला एकच पोळी करून दोघांना विकली तर एकाला ती ‘आपली’ वाटत नाही. दोन प्रकार करा, नावं वेगळी ठेवा, ऑर्डर घेतानाच डाळ विचारा. जैन गिऱ्हाइकासाठी लसूण नसलेला चिवडा वेगळ्या कढईत करा आणि तसं पाकिटावर लिहा. ‘वेगळं करतो’ असं नुसतं तोंडी सांगितल्याने हा गट येत नाही.

निरोपाच्या भाषेत अंदाज बांधू नका. आडनाव कुलकर्णी असलं तरी इथे गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेला तरुण मराठी बोलतो पण वाचायला त्याला गुजराती सोपी जाते. गल्ल्यावर माणूस ज्या भाषेत बोलतो ती त्याच्या नावापुढे ‘म’, ‘गु’ किंवा ‘हिं’ अशी लिहा. पहिला निरोप त्या भाषेत पाठवा आणि शेवटी विचारा, दुसरी भाषा हवी का. एवढ्याने पुरतं. जात, धर्म असलं काही वहीत लिहू नका. त्याने विक्रीचा एकही निर्णय सुधारत नाही आणि माणसांचा विश्वास जातो.

निरोप कोणाला, कधी

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये लेबल लावता येतात. सहा अक्षरांची सहा लेबलं आणि ‘ढिला’ असं सातवं लेबल करा. ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच निरोप सगळ्यांना वेगवेगळा पाठवायच्या यादीत, २५६ पर्यंत नंबर बसतात, पण खरी अडचण वेगळीच आहे: ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवलेला नाही त्याला ब्रॉडकास्ट पोचतच नाही. दुकानदाराला वाटतं २०० घरांना गेला, प्रत्यक्षात कितीतरी कमी घरांना मिळालेला असतो. म्हणून नंबर घेतानाच समोरून एक ‘हो’ पाठवून घ्या आणि दुकानाच्या नावाने नंबर साठवायला सांगा. “गरम चकली निघाली की कळवतो” हे कारण चालतं, कारण ते खरं असतं. मग तेच कळवा. चकलीसाठी दिलेल्या नंबरावर भावाच्या मोबाइल दुकानाची जाहिरात गेली की लोक नंबर बंद करतात. डिजिटल वैयक्तिक माहितीबद्दलचा २०२३ चा कायदाही हेच सांगतो: ज्या कामासाठी संमती घेतली त्याच कामाला माहिती वापरा. कोणी ‘नको’ म्हटलं तर त्याच दिवशी नाव काढा.

नियमित घराला महिन्यातून एक निरोप पुरे, आणि त्यात सूट नको. ते येतातच. त्यांना ताज्या घाण्याची वेळ कळवा, किंवा ओल्या हळदीचं लोणचं आलं आहे असं सांगा. ढिल्या पडलेल्या घराला सूट देण्याआधी एक साधा फोन करा: “बरेच दिवसांत आला नाहीत, मागच्या वेळच्या मालात काही कमी होतं का?” कारण बहुतेक तीनपैकी एक निघतं. माल खवट किंवा मऊ निघाला, घर बदललं, किंवा घरात कोणाला तेलकट बंद झालं. पहिल्यावर माल बदलून द्यायचा, दुसऱ्यावर घरपोच, तिसऱ्यावर भाजके पोहे आणि कमी तेलाचे पदार्थ. या तिन्हींवर दहा टक्के सूट हे औषध नाही, म्हणून फोनला मी इतका धरून बसलो आहे.

‘प’ गटाचा हंगाम डिसेंबर-जानेवारी. परदेशातले नातेवाईक येतात आणि परत जाताना पिशव्या भरतात. या गटाला भाव फार बोचत नाही, बांधणी बोचते. दाब देऊन हवा काढलेल्या पिशवीत चकलीचा चुरा होतो. हवा भरलेली पिशवी आणि तिच्यावर कडक खोका लागतो. लाडू उलट दाबबंद पिशवीत चालतात. पाकिटावर घटक पदार्थ, केल्याची तारीख आणि वजन इंग्रजीत छापलेलं असावं. घरी लिहिलेली चिठ्ठी विमानतळावर कामी येत नाही. या बांधणीचे वेगळे पैसे सांगून घ्या, लोक आनंदाने देतात.

पश्चिमेकडच्या वस्त्यांबद्दलही थोडं सांगायला हवं. विश्वामित्री आणि रेल्वेमार्ग ओलांडून अलकापुरी, गोत्री, वासणा, भायली भागात राहायला गेलेली जुनी घरं दुकानाशी भांडून गेलेली नसतात. मांडवीत गाडी लावायला जागा नसते, एवढंच. अशा घरांचे पत्ते नकाशावर ठिपके मारून पाहा. एका भागात पंचवीस-तीस ठिपके झाले की आठवड्यातला एक ठरलेला वार त्या भागाचा करा, आदल्या रात्री आठपर्यंत ऑर्डर, किमान ३०० रुपये. रोज कुठेही पोचवायला गेलात तर पेट्रोल आणि एक माणूस नफा खाऊन टाकतात. एका वारी पंधरा घरं केली तर खर्च घरामागे परवडतो.

खरंच उपयोग झाला का

निरोप पाठवला, तीन आठवड्यांत २४ घरं आली, म्हणजे निरोप लागू पडला, असं म्हणता येत नाही. त्यातली काही न सांगताही आली असती. म्हणून ढिल्या यादीतलं पाचांमागे एक घर बाजूला ठेवा, त्याला काहीच पाठवू नका. समजा २०० घरांपैकी १६० ना पन्नास रुपये सुटीचा निरोप गेला आणि ४० ना गेला नाही. तीन आठवड्यांत १६० मधली २४ आली, म्हणजे १५ टक्के. न सांगितलेल्या ४० मधली ४ आली, म्हणजे १० टक्के. न सांगता १६० मधली १६ आलीच असती. निरोपाने आली ती आठ. सूट मात्र चोवीस जणांना दिली: १,२०० रुपये. आठांनी भागा, एक घर परत आणायला १५० रुपये पडले. एका बिलातून तुमच्या हाती ११० उरत असतील तर ते घर दुसऱ्यांदा आल्याशिवाय पैसे सुटत नाहीत.

आणि ४० मधली ४ हा आकडा फार छोटा आहे. चारऐवजी सहा आली असती तर निरोपाचा उपयोग शून्य निघाला असता. म्हणून एका फेरीवर निर्णय घेऊ नका, तीन-चार फेऱ्यांचे आकडे एकत्र करा. बाजूला ठेवायची घरं दर फेरीला नव्याने, चिठ्ठी टाकून निवडा. ‘ही तर नक्की येणार’ म्हणून ओळखीची घरं बाजूला ठेवली तर सगळी परीक्षा वाया जाते.

वर्तमानपत्रात घालायच्या पत्रकालाही हीच शिस्त लावा. कारेलीबागेत पिवळा कागद, मांजलपुरात हिरवा, निझामपुऱ्यात गुलाबी. पत्रक दाखवलं तर अर्धा पाव शेव फुकट. शेव देताना पत्रक ठेवून घ्यायचं आणि संध्याकाळी रंग मोजायचे. ज्या रंगाचे कागद परत आले नाहीत त्या भागात पुढच्या वेळी छापू नका.

गट कायमचे नसतात. मुलगा शिकायला बाहेर गेला की ‘घ’ घर ‘प’ होतं, सासूबाई थकल्या की स्वतः फराळ करणारं घर ‘स’ मध्ये येतं, आणि हा शेवटचा बदल दुकानासाठी सगळ्यात मोलाचा असतो. वर्षातून एकदा सगळी यादी नव्याने मांडा. त्यासाठी बडोद्यात दिवाळीच्या पाडव्यापासून लाभपंचमीपर्यंतचे दिवस बरे, बाजार सुस्त असतो आणि चोपडापूजनानंतर वही तशीही नवी असते. आधी ‘स’ ची घरं गेल्या वर्षीच्या यादीशी ताडून पाहा, न आलेल्यांवर खूण करा, आणि लाभपंचमीला दुकान उघडल्यावर पहिले फोन त्यांनाच करा: फराळ यंदा घरी केलात की दुसरीकडून आणलात, आणि दुसरीकडून आणलात तर का.